एझराने घर रंगवायला काढलं

पनवेलच्या त्या आळीत सकाळी चहाच्या वेळी कुणी गेलं, तर त्याला एझराच्या ओट्यावर दोन म्हाताऱ्यांची मतं फुकटात ऐकायला मिळतात. मतं जुळलीत असं मात्र कुणाच्या ऐकिवात नाही. बळीराम म्हणणार, विमानतळ झाला तो काय कामाचा, मामाच्या गावची सोन्यासारखी भातशेती गेली त्याच्यात. एझरा म्हणणार, विमानतळ हवाच होता, फक्त विमानं जरा पलीकडून न्यावीत, काचा थरथरतात. मग गटार. मग कळंबोलीच्या नाक्यावरचे ट्रेलर. मग गच्चीच्या गळतीवर डांबर मारावं की ते नवीन पांढरं रसायन, यावर दोन चहा.

बळीराम आगरी, जन्म इथलाच. शेती गेली, पैसे आले, मुलाने न्हावा शेव्याला चार ट्रेलर लावले, आणि बळीरामकडे उरला खाडीवर गळ टाकून बसण्याचा छंद. एझरा बेने इस्रायल, म्हणजे आपल्या कोकणातले मराठी बोलणारे ज्यू. कारखान्यात फोरमन होता, निवृत्त झाल्यापासून जुने रेडिओ उघडून बसतो. त्यातले बरेचसे परत बंद होत नाहीत, असं बळीरामचं मत. आणि खाडीत मासे उरलेच नाहीत, बळीराम तिकडे झोपायला जातो, असं एझराचं.

पण मासा मिळाला की बळीराम टोपलीतच वाटणी करायचा. कोलंबी, चिंबोरी, शिंगाळा आपल्या घरी. बोईट किंवा जिताडा समोर एझराकडे. एझराच्या घरी खवल्यांचाच मासा चालतो, हे त्याला कुणी शिकवलं होतं हेही आता आठवत नव्हतं. तसंच त्या मेझुझाचं. एझराच्या दाराच्या उजव्या चौकटीवर, उंचावर, बोटभर लांबीची पितळी डबी ठोकलेली होती. आत त्यांच्या शास्त्रातलं वचन लिहिलेली गुंडाळी असते. आत शिरताना एझरा आणि त्याची बायको जोकबेद तिला बोटं लावून ओठांना लावायची. बळीरामही लावायचा, फक्त बोटं कपाळाला न्यायचा. लहानपणापासूनची सवय. हात आपोआप वर जायचा.

अशा या एझराने यंदा दिवाळी झाल्यावर घर रंगवायला काढलं, आणि बळीराम धास्तावला.

आता घर रंगवलं तर एवढं काय, असं तुम्ही म्हणाल. पण एझराला तुम्ही ओळखत नाही. ज्या माणसाने न्हाणीच्या दाराची कडी बसवायला तीन पावसाळे घेतले, त्याने एका महिन्यात गच्ची दुरुस्त केली, न्हाणीतल्या लाद्या उखडल्या, माडीवरच्या खोलीला वेगळा जिना लावला. आणि आळीत ही गोष्ट बळीरामने आधी पाहिली होती. कोपऱ्यावरचं बेने इस्रायलांचं घर, त्याच्या पलीकडचं, तळ्याकडचं. सगळी इस्रायलला गेली. प्रत्येकाने आधी घर नीटनेटकं केलं, रंग दिला, मग माणसं बघायला आली, आणि शेवटी कुणीतरी स्टुलावर चढून मेझुझा काढून घेतली. चौकटीवर दोन भोकं उरायची. एझराचा मुलगा अवीव तिकडेच होता आणि दर शुक्रवारी फोनवर ‘या आता’ म्हणत होता, हेही आळीला ठाऊक होतं.

"एवढा खर्च कशापायी रे?" बळीरामने एकदा सहज विचारल्यासारखं विचारलं.

"करायला लागणार होताच कधीतरी," एझरा म्हणाला. "वेळ आली आता."

आणि चहाचा कप तोंडाला लावून तो दुसरीकडे बघायला लागला. रंगाबद्दल वाद नाही, रंगाऱ्याच्या कामाला नावं ठेवणं नाही. बळीरामने मुद्दाम म्हणून पाहिलं की हा बदामी रंग म्हणजे दवाखान्याचा रंग. एझरा ‘असेल’ म्हणाला. हे ऐकून बळीराम फारच घाबरला. शिवाय हल्ली चहा जोकबेदवहिनी आणत नव्हती, एझराच आणत होता. वहिनी आत असायची. आत काय करत असणार? सामान बांधत असणार.

"अवो, मग सरळ विचारा ना त्यानला," मालू म्हणाली. मालू बळीरामची बायको, आणि घरातली अक्कल तिच्याकडे ठेवायला दिलेली.

"सांगायचं आसंल तर तो सांगंल. मी कशाला विचारू?"

"तुमी विचारत नाय, कारन तो हो म्हनंल म्हनून."

बळीराम उठून दारात जाऊन उभा राहिला. समोर रंगारी खिडकीच्या गजांना पॉलिशपेपर मारत होता. त्या खिडकीत बसून दोघांनी पत्ते खेळले होते, एकाच मुलीवरून भांडले होते, आणि बळीरामचे वडील वारले तेव्हा जोकबेदने तिथूनच त्याच्या घरातल्या पोरांना चार दिवस भाकऱ्या दिल्या होत्या. एझरा गेला तर मी सकाळी कुणाशी भांडू, असं त्याच्या मनात आलं, आणि त्याला स्वतःचीच लाज वाटली. पण वाटलं ते खरंच होतं.

त्यानंतरच्या रविवारी दुपारी स्कूटरवरून एक जोडपं आलं. बळीराम आपल्या ओट्यावर गळाचा दोरा सोडवत बसला होता. एझराच्या घरी दुपारच्या झोपेची वेळ म्हणून दार लावलेलं होतं.

"काका, एझराअंकलचं घर समोरचंच ना? आम्ही घर बघायला आलोय," मुलगी म्हणाली. नीटस, हसरी. नवरा मागे हेल्मेट घेऊन उभा.

बळीरामने दोरा बाजूला ठेवला. आणि हा एरवी खोटं बोलायला लागला की कान लाल होणारा माणूस, त्या दिवशी घडाघडा बोलला. गच्ची गळते म्हणाला. पावसाळ्यात गटार घरात येतं. मागे झाडी आहे, नदीच्या बाजूने सापही येतात. विमान गेलं की भिंती हलतात, बाळ असेल तर झोपणार नाही. रात्री ट्रेलरवाले वाट चुकून आळीत घुसतात आणि भोंगे मारतात. "मानसं चांगली हायेत," शेवटी तो म्हणाला, कारण त्याला राहवलं नाही. "पन घर नको."

मुलीने नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याने स्कूटरकडे. दोघं दार न वाजवताच गेली.

त्या संध्याकाळी बळीराम मालूशी नेहमीपेक्षा गोड बोलला, त्यावरूनच तिने ओळखलं की याने कुठेतरी काशी केली आहे.

दुसऱ्या दिवशी खाडीवर त्याला जिताडा लागला. चांगला मोठा, बऱ्याच महिन्यांनी. बळीरामला वाटलं, हा घेऊन जावं, बसावं आणि विचारून टाकावं. मासा पिशवीत घेऊन तो एझराच्या दाराशी आला. चपला काढल्या, आत शिरताना हात नेहमीसारखा वर गेला.

बोटांना नुसतं लाकूड लागलं.

त्याने वर पाहिलं. पितळी डबी नव्हती. तिच्या जागी जुन्या रंगाचा एक लांबट पट्टा आणि दोन भोकं. बळीरामचा हात तसाच वर राहिला. काढलीसुद्धा, त्याला वाटलं. मला न सांगता काढली.

आत एझरा टेबलाशी वाकून काहीतरी करत होता. बळीरामने पिशवी धाडकन टेबलावर ठेवली.

"जायचं आसंल तर जा," तो म्हणाला. "पोराकडं जा, चांगलं हाय, कोन नको म्हनतो? पन सांगून जायचं व्हतं. जनम गेला या वट्यावर. येवडं तरी सांगायचं व्हतंस मला."

एझराने चष्मा वर केला. "कुठे जायचंय?"

"इस्रायलला. घर इकून."

"कोण विकतंय घर?"

बळीरामने चौकटीकडे बोट दाखवलं.

एझरा काही बोलणार तेवढ्यात आतल्या खोलीतून सरकत्या पावलांचा आवाज आला. जोकबेद आली. चार पायांच्या काठीवर दोन्ही हात टेकलेले, आणि त्यातला उजवा हात थांबतच नव्हता. काठीचा दांडा त्याबरोबर बारीक वाजत होता. बळीरामने तिला दिवाळीनंतर नीट पाहिलंच नव्हतं. तो होता तिथेच उभा राहिला.

"पार्किन्सन आहे भावजी," ती म्हणाली. "बसा. मी सांगणार होते, पण हे सांगू देईनात."

न्हाणीतल्या लाद्या का उखडल्या, ते मग बळीरामला दिसलं. खडबडीत, पाय न घसरणाऱ्या लाद्या. भिंतीला धरायला दांडे. उंबरा घासून सपाट केलेला. आणि टेबलावर, एझरासमोर, पुसून चकचकीत केलेली ती पितळी डबी आणि शेजारी मोजपट्टी.

"हिचा हात वर जात नाही आता," एझरा टेबलाकडे बघत म्हणाला. "माझ्या बापाने ताडाएवढी उंच ठोकून ठेवली होती. रोज रात्री दारात उभी राहून बघते नुसती. म्हणून खाली आणतोय."

"मग मला का नाय सांगितलंस?"

एझराने मोजपट्टी गुंडाळली, परत सोडली. "डॉक्टरने सांगितलं, अवीवला फोनवर सांगितलं. ते सगळं ठीक. पण तुला न सांगता या घरात आजवर काही घडलेलं नाही, बळी. तुला सांगितलं असतं, तर ते खरं झालं असतं."

बळीराम खुर्चीवर टेकला. जिताडा पिशवीत होता, त्याचं पाणी टेबलावरून खाली ठिबकत होतं, आणि कुणी ते पुसायला उठलं नाही.

शेवटी जोकबेदच म्हणाली, "त्यात काल तेही बिनसलं. कळंबोलीच्या इस्पितळातली नर्स आहे, दीपिका. ती आणि तिचा नवरा माडीवर राहायला येणार होती. भाडं कमी, आणि ती माझ्याकडे बघणार. आले होते म्हणे, पण घरी न येताच परत गेले. रात्री फोनवर नको म्हणाली."

"कुणीतरी गाढवाने त्यांच्या मनात भरवलं," एझरा म्हणाला. "साप येतात म्हणे. सापडला ना तो गाढव मला..."

बळीरामचे कान लाल झाले. एझराला ते कान शाळेपासून ठाऊक होते.

"तू?"

"मी खोटं काय बोललो?" बळीराम पुटपुटला. "गटार, ईमान, ट्रेलर. सगली तुजीच मतं. तू रोज सकालीं सांगतोस तेच सांगितलं."

"आणि साप?"

"साप माजा."

आधी जोकबेद हसली. तिला हसू आलं की हात अजून हलायचा, काठी जोरात वाजायला लागली, आणि तिला ते थांबवता येईना, आणि थांबवायचंही नव्हतं. मग एझरा हसला. बळीराम मात्र हसला नाही. त्याने टॉवेलने डोळे पुसले आणि चपला घातल्या.

मालूला रिक्षात घालून तो थेट कळंबोलीला गेला. वाटभर मालू त्याला काय काय बोलली ते इथे सांगण्यासारखं नाही. दीपिकाची ड्युटी सुटेपर्यंत दोघं इस्पितळाच्या फाटकाशी उभी राहिली. ती बाहेर आली आणि ‘सापवाले काका’ दिसताच थबकली. बळीरामने हात जोडले.

"पोरी, त्यो घर इकून चालला आसं वाटलं मला," तो म्हणाला. "म्हनून बोललो. गच्ची गळत नाय आता. बाकी घर चांगलं हाय, मानसं तर फारच चांगली हायेत. ईमानाचा आवाज मातर येतो, त्ये मी आता लपवत नाय."

दीपिकाने मालूकडे पाहिलं. मालूने मान डोलावली, की हा असाच आहे. त्या आठवड्याच्या शेवटी टेम्पो आला आणि सामान बळीरामनेच माडीवर चढवलं, कंबर धरत, दीपिकाचा नवरा ‘काका ठेवा हो’ म्हणत असताना.

मेझुझा बसवायच्या दिवशी जोकबेदने मलिदा करायचा ठरवला. मलिदा म्हणजे भिजवलेले पोहे, गूळ, खोबरं आणि फळं. त्यांच्यात शुभकार्याला करतात. पोहे मालूने आणले. खोबरं दीपिकाने खवलं. गूळ जास्त झाला असं एझराचं मत पडलं, कमी झाला असं बळीरामचं.

एझराने चौकट मोजली. नियम असा की मेझुझा चौकटीच्या वरच्या तिसऱ्या हिश्शात हवी, त्या हिश्शाची खालची कड म्हणजे शेवट. त्याने बरोब्बर त्या कडेवर पेन्सिलीने खूण केली, हिब्रूत आशीर्वाद म्हटला, आणि स्क्रू पिळले. मग तो बाजूला झाला. जोकबेदने काठीवरचा उजवा हात सोडला. हात थरथरत, थांबत, वर गेला आणि डबीला लागला. तिने बोटं ओठांना लावली. मालूने पदर डोळ्यांना लावला.

बळीराम शिरला तेव्हा त्याचा हात सवयीने त्या जुन्या भोकांपाशीच गेला.

"भावजी, खाली," जोकबेद म्हणाली.

त्याने हात खाली आणला, बोटं लावली, कपाळाला नेली. मग त्याने डबीकडे पाहिलं, जोकबेदच्या खांद्याकडे पाहिलं, आणि हळू आवाजात एझराला विचारलं, "फुडं वयनींचा हात येवडाही नाय आला, तर? अजून खाली आनायची?"

"येत नाही आणता," एझरा म्हणाला. "ही शेवटची जागा."

हा प्रश्न एझराने स्वतःला कितीदा विचारला असेल, ते त्याच्या तोंडावर दिसत होतं. बळीरामने पुन्हा मेझुझाला बोटं लावली, दोन पावलं पुढे झाला, आणि तीच बोटं जोकबेदच्या हलत्या हातावर ठेवली.

"आसं," तो म्हणाला. "तवा मी हाय ना समोर. मी लावीन नि आनून देईन."

एझराकडे त्यावर काहीतरी मत असणार, असं वाटून बळीराम थांबला. एझराने एक खुर्ची ओढून बळीरामला दिली, आणि मलिद्याचं पहिलं ताट त्याच्या पुढ्यात ठेवलं.