वारा वजा केला, उरली बोट

समुद्राच्या तळाशी आमच्या खात्याचा एक माइक आहे आणि तो काय ऐकतो ते मी ऑफिसात बसून लिहिते. वारा वाढला की लाटा फुटतात आणि खाली पाण्यात खर्जातला घुमारा वाढतो. हा वाऱ्याचा वाटा वजा केला की उरतो तो इंजिनांचा. दोन वर्षं तो उरलेला आकडा चढत होता, वारा मात्र होता तेवढाच. तसा अहवाल मी दिला. त्या पाण्यातून जाणारी बोट एकच, प्रवाशांची, आणि ती चालवतो माझा सख्खा मोठा भाऊ. आवाज माशांना सोसवेल त्या मर्यादेबाहेर गेला म्हणून मागच्या महिन्यात बोट बंद झाली.

दादाने तेव्हाच सांगितलं होतं की हल्ली वाऱ्यामुळे धक्क्याला बोट लावताना नाकी नऊ येतात. मी त्याला तक्ते दाखवले. शहाणपणा शिकवायची खोड मला लहानपणापासून आहे.

परवा नळाला पाणी येईना म्हणून मी ऑफिसच्या गच्चीवर टाकी बघायला चढले. वारा असा की चष्मा धरून उभं राहावं लागत होतं, आणि वाऱ्याचा वेग मोजणारी आमची फिरकी टाकीच्या आडोशाला पेंगत होती. टाकी दोन वर्षांपूर्वीची. ती बसवून घ्यायला अर्जावर अर्ज केले होते ते मीच. तशीच खाली उतरले. दीपगृहातली वाऱ्याची नोंदवही मागवली आणि आकडे पुन्हा मांडले. वाढलेला आवाज जवळजवळ सगळा वाऱ्याचाच निघाला.

साहेब म्हणाले, उपकरणात दोष होता एवढंच लिहा, बोट सोमवारी सुटेल. मोह झाला, खोटं कशाला बोलू? पण उद्या कोणी माझे ते टाकीचे अर्ज उकरून काढले असते, तर बहिणीच्या मेहरबानीवर चालणारी बोट म्हणून दादावर कायमचा शिक्का बसला असता. म्हणून सगळं लिहिलं. अर्ज कोणाचा, बोट कोणाची, नातं काय. साहेबांनी वाचून कपाळाला हात लावला. आता बाहेरचा माणूस सगळं पहिल्यापासून तपासणार, आणि तोवर तीन महिने बोट बंदच.

हे सांगायला मी स्वतः दादाकडे गेले. वहिनी मला बघून आत निघून गेली. दादा खुर्चीचा मोडका पाय ठोकत बसला होता. सगळं ऐकून झाल्यावर त्याने एवढंच विचारलं, कोण तपासणार?

"बाहेरचं कोणीतरी. मी नाही."

"बरं झालं," दादा म्हणाला. "तो निदान एकदा बोटीत तरी बसेल."