शेवटी आजारी पडलेली रांग

चिमीच्या पत्राला सावे डॉक्टरांनी उत्तर दिलं नाही, त्याला भाताची दोन पिकं उलटून गेली. 'सायब, रोग माझ्या घरून आला का? हो का नाही, तेवढंच लिहा.' वेवजी गावच्या चिमीने कुणाकडून तरी लिहून घेतलेलं पत्र एवढंच होतं. बोर्डीच्या घरात पुस्तकांच्या कपाटाशी बसून डॉक्टरांनी सात मसुदे केले आणि सातही फाडले. आपलंच चुकत असेल तर?

औषधं तपासणाऱ्या प्रयोगशाळेत ते पांढऱ्या उंदरांचे डॉक्टर होते आणि चिमी एका रांगेचे पिंजरे धुवायची. जाता-येता एका पिंजऱ्याला कान लावून एक दिवस तीच म्हणाली होती, "सायब, हा घुरघुरतोय." मग नाकं वाहू लागली, डोळ्यांभोवती लाल डाग पडले, माना वाकड्या झाल्या. तीनशे उंदीर मारावे लागले. "या बायका शेतातले उंदीर खातात, हिनेच आणला रोग," असं मॅनेजर नविनने ठरवलं, तसा अहवाल लिहिला. डॉक्टरांनी मान खाली घालून सही केली. चिमीचं काम गेलं.

आज तलासरीच्या बाजारात ती एकदम पुढ्यात उभी राहिली.

"ओळखलं का सायब? का तुमचीपण मान वाकडी झाली?"

"चिमी, मी लिहिणारच होतो..."

"शुद्धलेखन झालं का मग? काम मागायला गेले तर नवीन लॅबवाले म्हणतात, तुझ्या नावावर रोग लिहिलाय. शुक्रवारी भरती बंद. उंदीर खातो आम्ही, खोटं कशाला बोलू? पण भाजलेला उंदीर शिंकतो का हो?"

शेजारची मिरचीवाली फिस्सकन हसली. डॉक्टरांची कानशिलं तापली.

"आधी कुठले पिंजरे घुरघुरले?" जे तेव्हा विचारायला हवं होतं, ते त्यांनी आता विचारलं.

"दारापासचे. नवीन उंदीर ठेवले ना, त्यांच्या शेजारचे. मी सांभाळायची ती रांग खिडकीकडे. ती सगळ्यात शेवटी."

बाहेरून आलेले उंदीर तीन आठवडे वेगळ्या खोलीत ठेवायचे, हा नियम. नविनने घाईघाईत ते त्याच दिवशी मोठ्या खोलीत घुसवले होते. रोग चिमीच्या अंगावरून आला असता तर तिची रांग आधी पडली असती. इतकं साधं! आणि यासाठी सात मसुदे! नविनचा संताप आलाच, पण त्याहून जास्त आला सही करणाऱ्या स्वतःच्या हाताचा.

"चल, आत्ता लिहून हातात देतो."

"हातात नको. म्हणतील, बाईने म्हाताऱ्याला गाठून लिहून घेतलं. टपालाने धाडा. शिक्का पडू दे."

पोस्टातलं दोरीला बांधलेलं पेन चालेना. डॉक्टरांनी खिशातलं काढलं आणि मसुदा न करता लिहिलं:

'रोग चिमीच्या घरून आला नाही. वेगळे न ठेवता आत घेतलेल्या उंदरांबरोबर आला. चिमीची रांग सर्वांत शेवटी आजारी पडली. नियम मॅनेजरने मोडला. नियम मोडल्याचं ठाऊक असून मी काही न तपासता खोट्या अहवालावर सही केली. रोग पहिल्यांदा ओळखला तो चिमीने.'

"मोठ्याने वाचा," चिमी म्हणाली.

ज्यांचा आवाज कधी टेबलापलीकडे गेला नव्हता, त्यांनी तो कागद रांगेतल्या माणसांसमोर वाचला. मग तोच मजकूर आणखी दोनदा लिहिला. एक पाकीट नव्या लॅबला, एक जुन्या कंपनीला, एक वेवजीला चिमीच्या पत्त्यावर.

"तिन्ही रजिस्टर?" पोस्टातल्या बाईंनी विचारलं.

"तिन्ही. आणि शिक्का जरा जोरात मारा."