मचाणावरचे एकवीस अंश

श्रीकांत पैज जिंकला. आता हे वाक्य विसरा. नेदरलँड्समधल्या उइटहॉर्न गावातल्या त्याच्या घरात ते कुणी उच्चारत नाही, तेव्हा आपणही ते वाचलंच नाही असं समजून पुढे जाऊ.

तर भांडण घर किती गरम ठेवायचं ते ठरवणाऱ्या थर्मोस्टॅटवरून होतं. श्रीकांत घरून काम करायचा आणि त्याची बायको मंजूषा अ‍ॅमस्टरडॅमला ऑफिसात जायची. थर्मोस्टॅट भिंतीवर होता, पण त्याचा जीव मंजूषाच्या फोनमध्ये होता. श्रीकांतने सकाळी एकवीस लावावेत, मीटिंगला बसावं आणि थोड्याच वेळात त्याची बोटं की-बोर्डवर अडखळायला लागावीत. बघतो तर अठरा. तिकडे बायको कॉफी पीत पीत त्याला इथे गार करत असायची.

जानेवारीतल्या एका शनिवारी त्याने आवाज चढवला. म्हणजे मफलर खाली ओढून बोलला.

"एकवीस ही चैन नाही, मंजू. मला हाडं आहेत."

"शेजारच्या वाउटरलाही आहेत," मंजूषा म्हणाली. "साठी उलटली त्याची. दुपारभर जंगलात झाडावर बसतो डुकराची वाट बघत. आणि तू सोफ्यावर कुडकुडतोस, तेही पाय माझ्या अंगाखाली सारून."

"झाडावर काय, कुणीही बसेल."

"मग बस ना. अंधार पडेपर्यंत न उतरता बसलास तर एकवीस तुझे, आणि अ‍ॅप फोनमधून काढून टाकते. उतरलास तर सतरा, आणि हा विषय या घरात पुन्हा नाही."

त्यांच्या नऊ वर्षांच्या मुलीला, ईशानीला, मराठी सगळं कळायचं, पण ती उत्तरं डचमध्ये द्यायची. बाबा वर बसून रडला तर कोण जिंकलं, असं तिने विचारलं. नियमात ही तरतूद नव्हती.

वाउटरकडे शिकारीचा रीतसर परवाना होता आणि व्हेलुवेच्या जंगलात एक मचाण. त्याला सोबत हवीच होती, कारण त्याची स्वतःची बायको एकदा येऊन गेली होती. त्याने श्रीकांतला एकच गोष्ट बजावली: "चालताना अंगावर कमी ठेव, बाकीचं पिशवीत. वर चढलास की सगळं घाल. वाटेत घाम आला की संपलं."

श्रीकांतने पुण्याला आईला फोन लावला. आई म्हणाली, "घरातूनच नीट घालून निघ. वाटेतच तर थंडी शिरते."

दोन तज्ज्ञांमध्ये मतभेद असला आणि त्यातली एक आपली आई असली, तर निर्णय सोपा असतो. पुढच्या शनिवारी श्रीकांत तीन थर्मल, दोन स्वेटर, जाडजूड जॅकेट आणि कानटोपी घालून वाउटरच्या गाडीत बसला. दोन्ही खिशांत तव्यावर गरम केलेल्या ओव्याच्या पुरचुंड्या होत्या आणि मांडीवर आईने जुन्या साड्यांची शिवलेली गोधडी.

वाउटरने हवेत वास घेतला. "तुझ्या खिशात पिझ्झा आहे का?"

"औषध आहे."

"डुकरांना नाक असतं, श्रीकांत."

"मग त्यांनाही बरं वाटेल."

डुक्कर मरावं की जगावं, याबद्दल श्रीकांतचं काही मत नव्हतं. त्याला फक्त एकवीस हवे होते.

गाडी लावून जंगलातून चालत जायचं होतं. तापमान उणे तीन. निम्म्या वाटेतच श्रीकांत आतून पुण्याच्या मे महिन्यात पोचला. बीच नावाच्या उंच झाडाला लावलेली शिडी चढून तो दोघांपुरत्या फळीवर टेकला तेव्हा त्याच्या पाठीवरून ओघळ चालले होते. त्याने समाधानाने मनात म्हटलं, एवढंच ना?

मग घाम गार झाला.

आधी पाठ गेली. मग दात वाजायला लागले, तेही इतक्या जोरात की वाउटरने ओठांवर बोट ठेवलं. शिडी श्रीकांतच्या डाव्या हाताला होती. पाय खाली टाकायचा अवकाश, गाडी गाठायची, हीटर लावायचा. आणि मग सतरा. वर्षानुवर्षं सतरा. मंजूषा काही बोलणारही नाही, नुसती स्वयंपाकघरात गुणगुणेल.

श्रीकांतने शिडीकडे पाठ केली आणि कपडे काढायला सुरुवात केली.

"हे काय करतोयस?" वाउटर कुजबुजला.

"ओलं तेवढं काढतोय."

"इथे?"

"उतरून काढलं तर हरलो."

जॅकेट, स्वेटर, स्वेटर, थर्मल, थर्मल, थर्मल. जगातला सगळ्यात चिडलेला माणूस व्हेलुवेच्या जंगलात झाडावर उघडा बसला होता आणि त्याच्या अंगातून वाफा निघत होत्या. वाउटरने सभ्यपणे दुसरीकडे पाहिलं. श्रीकांतने कानटोपीने अंग खसाखसा पुसलं, बाहेरचा कोरडा स्वेटर तेवढा परत घातला, वर जॅकेट चढवलं आणि त्यावरून गोधडी पक्की लपेटून घेतली. हळूहळू दात थांबले. पाठ परत आली. ओवा छातीशी होता. सगळं उत्तम होतं.

उत्तम नव्हतं ते वाउटरचं. त्याने मोठ्या कौतुकाने नवं पातळ जॅकेट घातलं होतं.

"दुकानदार म्हणाला होता उणे दहापर्यंत चालेल," तो निळ्या ओठांनी म्हणाला. "बहुतेक तो बोलताना दुकानात उभा होता. चल, आज राहू दे. जाऊ या."

"अंधार पडेपर्यंत नाही."

"श्रीकांत, मला थंडी वाजतेय."

"इकडे सरक."

अशा रीतीने दोन संसारी पुरुष एका झाडावर, एका गोधडीत, आईच्या तीन जुन्या साड्यांखाली बसले. बंदूक खुंटीला होती आणि वाउटरचे दोन्ही हात गोधडीत, आणि गोधडीचं टोक श्रीकांतच्या खाली. नेमकी तेव्हाच डुकरीण आली. मागून पिल्लंही.

"टोक सोड," वाउटर कुजबुजला.

"वारं शिरेल."

"श्रीकांत, मी महिनाभर हिची वाट बघतोय."

"मी दोन हिवाळे एकविसाची बघतोय."

ओढाताणीत एक पुरचुंडी खाली पडली. डुकरिणीने ती हुंगली, फडक्यासकट खाल्ली, जरा विचार केला आणि एक लांब, तृप्त ढेकर दिला. मग कुटुंबाला घेऊन निघून गेली.

"रानडुकरांना खाऊ घालायला इथे बंदी आहे," वाउटर म्हणाला.

"खाऊ नाही घातलं. पोटाचं बघितलं."

अंधार पडला. श्रीकांत उतरला.

मंजूषा शब्दाला पक्की होती. रविवारी त्याच्या डोळ्यांदेखत तिने अ‍ॅप काढून टाकलं आणि म्हणाली, "एकवीस तुझे. लाव."

श्रीकांत विजयी पावलांनी भिंतीकडे गेला.

"फक्त एक कळत नाही," मंजूषा मागून म्हणाली. "वाउटर सगळ्या गल्लीला सांगत सुटलाय की आमचा श्रीकांत उणे तीनमध्ये उघडा बसला आणि हूं की चूं केलं नाही. असा माणूस घरात एकवीस लावून बसलेला लोकांना दिसला, तर लोक काय म्हणतील?"

"लोकांना थर्मोस्टॅट दिसत नाही."

"तू दिसतोस. खिडकीतून. मफलरमध्ये."

ईशानीने डचमध्ये सांगितलं की तिने वर्गाच्या ग्रुपवरही टाकलंय, आणि बाईंनी लिहिलंय की त्यांना बाबाला भेटायचंय.

श्रीकांतने थर्मोस्टॅटकडे बोट नेलं. थंडी वाजते असं कबूल करणं आता शक्य नव्हतं, आणि हरलो असं म्हणणं तर मुळीच नव्हतं, कारण तो हरला नव्हता. शेवटी पैज जिंकलेल्या श्रीकांतने स्वतःच्या बोटाने सतरा लावले, मफलर काढून ठेवला आणि सोमवारी जेवणाच्या सुट्टीत, ते झाड ज्या गावाच्या हद्दीत येतं तिथल्या नगरपालिकेला लिहायला बसला:

"महोदय, मी कुशल स्थलांतरित असून कर नियमित भरतो. आपल्या हद्दीतील बीचच्या झाडावरील मचाणावर माझी कायम रहिवासी म्हणून नोंद व्हावी. सदर जागेचं तापमान उणे तीन असलं तरी तिथे गोधडी घेतल्यास कुणाला उत्तर द्यावं लागत नाही. जागा दोघांपुरती आहे, मात्र मी एकटाच राहीन. तरी रहिवासी दाखला, टपालपेटी आणि बेल मंजूर करून शिडी आतून बंद होईल अशी व्यवस्था करावी, ही विनंती."