भिंतीवरचा पगार

आमच्या डॅलसच्या ऑफिसात मायक्रोवेव्हच्या वर एक बोर्ड आहे. कायद्याने लावावेच लागतात ते कागद तिथे लागतात आणि कोणी ढुंकून बघत नाही. त्या दिवशी माझा पुलिहोरा, आमचा चिंचेचा भात, गरम होत होता, म्हणून मी एक कागद वाचला.

कंपनी एका डेटाबेस इंजिनिअरसाठी ग्रीन कार्डाचा अर्ज करणार होती. पगार वर्षाला एक लाख चोवीस हजार डॉलर. कामाचं वर्णन वाचता वाचता लक्षात आलं, अरे, हा तर मीच! हे काम करणारा इथे दुसरा आहेच कोण? मला मात्र मिळतात चौऱ्याऐंशी हजार.

आधी आनंदच झाला, खोटं कशाला बोलू. व्हिसाचं सहावं वर्ष लागायच्या आत ही फाइल गेली नाही, तर पुढे मुदत वाढत नाही. मग गाशा गुंडाळायचा आणि वरंगल गाठायचं. मुलगी इथे दुसरीत आहे. त्या फाइलसाठी मी चार वर्षं मालकांच्या, दयाकर गारूंच्या, मागे लागलो होतो; गारू म्हणजे आमच्या तेलुगूतलं 'राव'. पण भात संपेपर्यंत तो चाळीस हजारांचा फरक डोक्यात घुसला. तडक त्यांच्या केबिनमध्ये गेलो.

"गारू, बोर्डावर माझा पगार भलताच दिसतोय."

"अरे मुरहरी, तो कार्ड हातात आल्यावरचा. कायदाच तसा आहे."

"आपल्या लोकांची रांग बघता तोवर माझी मुलगी लग्नाची होईल!"

"मग जावयाला घसघशीत आहेर कर की." आणि वर हसले.

"रिपोर्ट काढणाऱ्या डार्लीनला मागच्या महिन्यात तुम्ही एक लाख वीस केलेत. तिला काम मी शिकवलं."

"ती म्हणाली, समोरच्या कंपनीत जाते. इथलीच आहे, अमेरिकन, तिला कोण अडवणार? तूही जा, खुशाल जा. फक्त तुझी फाइल नवा मालक पहिल्यापासून करेल. तुझ्याकडे किती उरलेत, नऊ आठवडे ना?"

तळपायाची आग मस्तकात गेली. हा माणूस आमच्याच जिल्ह्यातला, माझ्या लग्नात जेवून गेलेला! पण नऊ आठवडे मोजत बाहेर आलो. घरी बायकोला, प्रसूनाला, सांगितलं, तर ती म्हणाली, "फाइलवर सही होईपर्यंत तोंड शिवून ठेवा. नंतर काय भांडायचं ते भांडा."

गुरुवारी गारूंनी बोलावलं. माझे कागद टेबलावर होते. शेजारी लॅपटॉपच्या पडद्यावर एक मुलगी दिसत होती, हारिका. ओहायोत नुकतंच शिक्षण संपवलेली, आमच्या हनमकोंड्याची.

"सही करतोच," गारू आवाज बंद करून म्हणाले. "आधी हिला जरा समजाव. सत्तर हजारांत यायला तयार होत नाहीये."

त्यांनी आवाज सुरू केला.

"अण्णा, अटलांटाची एक कंपनी नव्वद देतेय," हारिका म्हणाली. "मी काय करू, तुम्हीच सांगा. तुम्हाला इथे किती वर्षं झाली?"

"पाच होतील."

"सगळी याच कंपनीत? लोक तर दोन वर्षांत पळतात!" तिचा चेहरा खुलला. "मग चांगलीच असणार, नाही का अण्णा?"

गारूंनी पेनाचं टोपण काढलं होतं.

"चांगली आहे," मी म्हणालो. "ये तू."