एक तुमची, एक आमची

खालून आलेलं गाळाचं घमेलं इंदूबाईंनी धरलं आणि न बघताच वरच्या पायरीवर रश्मीच्या हातात दिलं. सकाळपासून हेच चाललं होतं. वर ऊन रणरणत होतं, पण बारवेत गारठा होता आणि शेवटच्या पायऱ्या अंधारात बुडाल्या होत्या.

पातूरकडच्या त्या गावात नळाला दहा दिवसांनी पाणी येई. बारव उपसायला बचत गटाने दोनदा घेतली नि दोनदा सोडली. विहाराच्या महिला मंडळाचंही तेच. एका हाताने टाळी वाजत नाही, हे कळायला तीन उन्हाळे गेले. यंदा गटाच्या इंदूबाई आणि मंडळाची रश्मी एकत्र बसल्या. रांगेत एक तुमची, एक आमची, म्हणजे कुणी कुणाला बोल लावायला नको. शेवटून दुसऱ्या इंदूबाई, आणि त्यांच्या खाली विहाराकडची केशरबाई, असं ठरलं.

दुपारी सगळ्या कडुनिंबाखाली जेवायला बसल्या.

"केशरबाईले हाक मारा कोनी, खालीच राहिली ते," इंदूबाई म्हणाल्या.

रश्मीने भाकरी मोडता मोडता वर पाहिलं. "केशरबाई तं कालच अकोल्याले गेली, पोरीकडं. खालून तुमीच भरून देऊन राहिल्या होत्या ना?"

इंदूबाईंनी हातातली भाकरी खाली ठेवली. त्या उठून गाळाच्या ढिगाकडे गेल्या. काळ्या गाळात हात घातला, तर मुठीत पांढरी वाळू आली; ती रश्मीनेही पाहिली. नदी गावापासून कोसभर लांब होती.

बहात्तरच्या दुष्काळात रश्मीची आत्या सुभद्रा या बारवेवर पाण्याला आली होती. पाणी बाटलं म्हणून गावाने तिची घागर फोडली. मग ती कोरड्या नदीच्या वाळूत पाण्यासाठी झिरा उकरायला जाऊ लागली, आणि एका दुपारी वाळूची दरड अंगावर कोसळून ती गेली. एवढं सगळ्यांना ठाऊक होतं. तिला बारवेवर पाहून घरी सांगणारी आठ वर्षांची पोर कोण, ते मात्र एकट्या इंदूबाईंना ठाऊक होतं.

रांग पुन्हा लागली. इंदूबाईंच्या खाली कुणी नव्हतं, तरी अंधारात नुसत्या हातांनी उकरल्याचा आवाज येत होता. इंदूबाईंना भीती वाटली, पण भीतीपेक्षा लाज मोठी होती.

"रश्मी, तुया आत्याले इथं पाहून बापाले मीच सांगतलं होतं."

वरच्या बायकांचे हात थांबले. खालचा आवाजही थांबला.

रश्मीने हातातलं घमेलं खाली ठेवलं. मग ती इंदूबाईंना ओलांडून त्यांच्याही खालच्या पायरीवर उतरली आणि अंधारात दोन्ही हात पुढे केले.

"आन, आत्या."

घमेलं आलं. त्यात गाळ नव्हता, काठोकाठ पाणी होतं. रश्मी वळली. तिने इंदूबाईंच्या डोळ्यांत पाहिलं नाही.

"धरा," ती म्हणाली. "सांडू नका."