साचेखात्यातलं बोलणं

“नाव काय गं तुझं?” साहेबांनी विचारलं.

“उर्मिला,” माझी लेक खणखणीत म्हणाली.

“कितवं वर्ष?”

“सहा सरून सातवं.”

“इथवर कशी आलीस?”

“बसनं.”

साहेबांनी पेन खाली ठेवलं. “बाई, हिला तर छान ऐकू येतंय.”

ऐकू येत नव्हतं. ती त्यांच्या ओठांकडे बघत होती. हे माझ्या ध्यानात आलं तेव्हा तीन उत्तरं देऊन झाली होती.

उर्मी साडेतीन वर्षांची असताना मेंदूज्वर झाला. ताप उतरला तो कानही घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले, थोडं शिल्लक आहे. यंत्र लावलं तर बोलणं टिकेल, नाहीतर आहेत ते शब्दही जातील. जाऊ लागलेच होते. ‘पाणी’चं ‘पाई’ झालं होतं. यंत्र आमच्या ह्यांच्या पगाराच्या आवाक्याबाहेरचं, म्हणून सरकारी मदतीचा अर्ज केला. चौदा महिने तो या टेबलावरून त्या टेबलावर फिरला आणि आज पडताळणीला बोलावणं आलं. सोबत शेजारचा साक्षीदार हवा, असं पत्रात होतं. म्हणून कुशाबांना आणलं.

नायगावच्या आमच्या चाळीत कुशाबा पलीकडच्या खोलीत राहतात. सव्वीस वर्षं गिरणीच्या साचेखात्यात विणकर. तिथे शेकडो माग एकदम धडधडतात. घसा फोडून ओरडलं तरी शेजारच्याला कळत नाही. म्हणून विणकर आवाज न काढता नुसते ओठ हलवून बोलतात. चार मागांपलीकडून भांडतात, थट्टा करतात, चहा सांगतात. त्या धडधडीत कुशाबांचे स्वतःचे कान गेले. त्यांच्यासाठी कुणी अर्जसुद्धा छापलेला नाही. ही योजना फक्त मुलांची.

पाळी सुटली की ते गॅलरीत उर्मीसमोर उकिडवे बसायचे आणि ओठांनी गोष्टी सांगायचे. त्या मोठ्याने परत म्हणता म्हणता तिचे गेलेले शब्द परतले. मी बी. ए. झालेली आई. मला दोन वर्षांत सुचलं नाही ते त्यांनी तंबाखू मळता मळता केलं.

“साहेब, ती ओठ वाचते,” मी म्हटलं. “तिला पाठमोरी उभी करा आणि हाक मारा.”

साहेब हसले. “म्हणजे तुम्ही खूण करणार आणि ती गप्प उभी राहणार. रोज बघतो मी हे.”

“मी बाहेर जाते. दार लावून घ्या.”

“घरून पढवून आणलेलं असतं, बाई. दाराचं काय घेऊन बसलात?”

“डॉक्टरांचा दाखला तुमच्यासमोर आहे!”

“दाखल्यावर भागलं असतं तर पडताळणी कशाला ठेवली असती? आणि आवाज चढवू नका. कचेरी आहे ही, शिवाजी पार्कावरची सभा नव्हे.”

कुशाबा इतका वेळ आमच्या तोंडांकडे आळीपाळीने बघत होते. ते उठले. टोपी हातात घेतली.

“सायबानू, चूक माजी हा. मी शिकवलंय तिका. आमच्या साच्यात सगळे असेच बोलतत.”

“बघा!” साहेबांनी पेन उचललं. “शिकवून आणलंय, हे तुमचा साक्षीदारच कबूल करतोय.”

त्यांनी लिहिलं: ‘मुलगी विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे देते. मदतीची गरज दिसत नाही.’ पहिल्या वाक्यात तर एक अक्षर खोटं नव्हतं. टेबलावरची दौत उचलून त्या कागदावर उपडी करावी, असं मला वाटलं. मी मुठी आवळून उभी राहिले.

“पुन्हा अर्ज?”

“सहा महिन्यांनी. तोवर राज्य कुणाचं असेल, योजना राहील की जाईल, मी काय सांगू? तुम्हालाच हवाय ना संयुक्त महाराष्ट्र?”

जिन्यात शिपायाने गाठलं. इकडेतिकडे बघत म्हणाला, “बाई, मागल्या आठवड्यात एक पोरगं आलं होतं. नुसतं तोंड वासून बसलं. दहा मिनिटांत मंजूर. इथे जरा वेडं दिसावं लागतं. तुमची पोर फार हुशार.”

ज्यांना बोलायचं ते साहेब वर बसले होते आणि पुढच्या बाईला आत बोलावत होते.

रस्त्यावर आलो. बसच्या थांब्याशी कुशाबा थांबले.

“वैनी, सहाच म्हयने ना?”

मी मान हलवली.

“मग तवसर मी हिच्याशी बोलूचंय नाय. पोरां बेगीन इसरतत.”

सहा महिन्यांत ती काय काय विसरेल, ते मला कळत होतं. कुशाबांशी बोलताना तिचा चेहरा उजळे तसा आमच्यापैकी कुणाशीही बोलताना उजळत नसे. ‘असलं काही करायचं नाही, कुशाबा,’ हे वाक्य माझ्या तोंडापर्यंत आलं. हातात परत आलेला अर्ज होता. जून, जुलै, मी महिने मोजत होते. मी ते वाक्य बोलले नाही.

उर्मीने त्यांचा सदरा ओढला. त्यांनी तोंड फिरवलं. ती धावत समोर गेली, ते वळले. ती पुन्हा समोर, ते पुन्हा पाठमोरे. थांब्यावरची माणसं बाजूला सरून बघू लागली. तिला हा नवीन खेळच वाटला. ती खिदळत त्यांच्याभोवती पळू लागली आणि कुशाबा, पन्नाशीचा माणूस, टोपी तोंडावर धरून फूटपाथवर गोल गोल फिरत राहिले.