पांढरी गंगोत्री

मागच्या हिवाळ्यात नेरजवळच्या एका नाल्यात मला गंगोत्री या सुवासिक रानवनस्पतीची पांढऱ्या फुलांची झाडं सापडली होती. एरवी तिची फुलं जांभळी असतात. ही पांढरी वेगळी जात आहे की नुसता रंगातला फरक, हे ठरवायला पिकलेलं बी तपासावं लागतं, आणि मी त्यासाठी पुन्हा पोचले तेव्हा ते झडून गेलं होतं. म्हणून यंदा डिसेंबरपासून दर रविवारी जायचं ठरवलं.

पहिल्याच रविवारी नाल्याचा काठ मोकळा दिसला. बचत गटाच्या तुळसाबाई उपटलेल्या झाडांच्या ढिगाजवळ उभ्या होत्या.

"ये वं मॅडम! पाय, एक नाही ठेवलं गाजरगवत. तूच त सांगतलं होतं, चिरलेलं पान दिसलं का उपटा, फुलाची वाट पाहू नका."

पावसाळ्यात मीच त्यांना तसं शिकवलं होतं. गंगोत्रीचं पानही तसंच चिरलेलं असतं, हे सांगायचं मला सुचलं नव्हतं.

मी ढीग उसकटला. सगळी गंगोत्रीच होती, नुकती कळ्यांवर आलेली. दरवर्षी बियांतूनच उगवणारं झाड ते, आणि एकाही कळीत बी धरलं नव्हतं. मग दोन्ही काठ वरपासून खालपर्यंत चालले. काहीच उरलं नव्हतं.

"बराबर केलं ना?" तुळसाबाईंनी विचारलं. "सकाळपासून वाकून राह्यलो आम्ही. पण काय गोड वास लागला वं हाताले!"

गाजरगवताला असा वास नसतो.

"बराबर केलं, मावशी," मी म्हणाले.